‘अपसेट’ : एका शब्दाची उलथापालथ

गेल्या दिवाळीत आमच्या नातीचा पुण्याहून दूरध्वनी आला. नोकरी बदललेली, राहते घर सोडावयाचे आणि नवे मिळत नाही, अशा कात्रीत ती सापडली होती. आवाज उतरलेला. काय झाले म्हणून विचारले तर म्हणाली, “काही नाही आजोबा, जरा अपसेट आहे.” आमची खोड अशी की सांत्वनाआधी शब्दाकडे लक्ष जाते. आम्ही विचारले, “अपसेट म्हणजे नेमके काय गं? दुःखी, रागावलेली, की घाबरलेली?” ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “तिन्ही, थोडं थोडं. मराठीत ह्याला एक शब्द नाही ना, म्हणून अपसेट.”

मराठीत शब्द नाही हे तिचे म्हणणे आम्हांला पटले नाही. परंतु त्या घटकेला खोडूनही काढता आले नाही. ह्या शब्दाशी आमचा एक जुना हिशोब आहे, तो आधी सांगितला पाहिजे.

१९८४ सालची गोष्ट. मध्यप्रदेशच्या महसूल खात्यात आम्ही नुकतेच रुजू झालो होतो. माळव्यातील एका तहसिलीत कर्जाच्या थकबाकीपोटी जप्त झालेल्या वाड्याचा लिलाव व्हावयाचा होता आणि इंग्रजी कागदांचा हिंदी गोषवारा करण्याचे काम आमच्याकडे आले होते. कागदात शब्द होता ‘अपसेट प्राइस’. शब्दकोश उघडण्याची तसदी न घेता आम्ही त्याचे ‘अस्थिर मूल्य’ करून मोकळे झालो. वरिष्ठांनी ते वाचले, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “किंमत अस्थिर नाही, तुमचे इंग्रजी अस्थिर आहे.” मग त्यांनीच समजावले. लिलाव पुकारताना आरंभी जी किंमत मांडली जाते आणि जिच्या खालची बोली घेतली जात नाही, ती अपसेट प्राइस. महाराष्ट्रातील सरकारी लिलावांत तिला ‘हातची किंमत’ असे म्हणतात.

वाडा एका जुन्या मराठी घराण्याचा होता. लिलावाच्या दिवशी घरातले सत्तरीचे गृहस्थ ओट्यावर बसून होते. आमचे आडनाव कानी पडताच त्यांनी आम्हांला जवळ बोलावले. “तुम्ही आपल्यातलेच दिसता. हे अपसेट प्राइस म्हणजे काय हो?” आम्ही म्हटले, “काका, ह्या आकड्याच्या खाली बोली घ्यायची नाही, असा अर्थ.” ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “म्हणजे ह्याच्या खाली आम्हांला कोणी उतरवणार नाही. तेवढं बरं आहे.”

कागदावरचा ‘अपसेट’ म्हणजे न हलणारी, पक्की मांडलेली किंमत. आणि त्या कागदासमोर बसलेला माणूस मात्र पुरता उलथलेला, म्हणजे आजच्या अर्थाने अपसेट. एकाच शब्दाची ही दोन टोके एकाच ओट्यावर कशी आली, हा प्रश्न त्या दिवसापासून मनात राहिला. नोकरीत असताना त्याचा माग काढणे झाले नाही, सेवानिवृत्तीनंतर झाले.

शोधू लागलो तेव्हा सर्वांत आधी हाती लागली ती एका घोड्याची गोष्ट. बलाढ्याचा दुबळ्याकडून अनपेक्षित पराभव झाला की खेळाच्या पानावर त्याला ‘अपसेट’ म्हणतात. १९८३ साली लॉर्ड्‌सवर भारताने वेस्ट इंडीजला हरवले तेव्हा हा शब्द आपण सर्वांनीच वाचला असेल. ह्या अर्थाचे मूळ म्हणून अमेरिकेत एक कथा सांगितली जाते. ‘मॅन ओ’ वॉर’ नावाचा घोडा तेथील शर्यतींच्या इतिहासातला अत्यंत नामांकित. १९१९ आणि १९२० ह्या दोन वर्षांत तो एकवीस शर्यती धावला आणि त्यांपैकी वीस जिंकला. हरला तो एकच, १३ ऑगस्ट १९१९ रोजी, न्यूयॉर्क राज्यातील साराटोगा येथे. आणि त्याला हरविणाऱ्या घोड्याचे नाव होते ‘अपसेट’! त्या दिवसापासून अशा पराभवाला अपसेट म्हणू लागले, अशी ही कथा.

कथेतील घटना खरी आहे. मॅन ओ’ वॉरच्या पाठीवर त्या दिवशी एकशे तीस पौंडांचे वजन होते, अपसेटच्या पाठीवर एकशे पंधरा. शर्यत सुटली तेव्हा मॅन ओ’ वॉरचे तोंड नीट पुढेही नव्हते, असे सांगतात. इतके असूनही तो थोडक्यात हरला. सर्व खरे, खोटे आहे ते केवळ ‘त्या दिवसापासून’ एवढेच. २००२ च्या सुमारास न्यूयॉर्कमधील एक ग्रंथपाल जॉर्ज थॉम्पसन यांनी जुन्या वर्तमानपत्रांचे नव्याने संगणकावर आलेले अंक धुंडाळले, तेव्हा त्यांना १८७७ सालच्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये, तेही घोड्यांच्या शर्यतीच्याच बातमीत, हा शब्द ह्याच अर्थाने सापडला. म्हणजे अपसेट घोडा जन्मण्यापूर्वी चाळीस वर्षे हा शब्द शर्यतीच्या मैदानावर धावत होता. घोड्याने शब्दाला अर्थ दिला नाही. शब्दाला साजेसा घोडा मात्र योगायोगाने मिळाला. तरीही गोष्ट टिकून आहे, कारण ती सांगायला सोपी आहे. तीत एक दिवस आहे, एक नायक आहे. खऱ्या इतिहासात असा एक दिवस सहसा नसतो.

मग खरा इतिहास काय? ‘अप’ म्हणजे वर आणि ‘सेट’ म्हणजे मांडणे, बसविणे. पंधराव्या शतकातील इंग्रजीत अपसेट ह्या क्रियापदाचा अर्थ सरळसरळ ‘उभे करणे, प्रस्थापित करणे’ असा होता. वाचकहो, आज जो शब्द कोलमडण्यासाठी वापरतात, तो जन्मला उभारण्यासाठी! हा मूळ अर्थ सर्वसाधारण भाषेतून नाहीसा झाला. परंतु कायद्याची भाषा जुन्या वस्तू फेकून देत नाही. स्कॉटलंडच्या कायद्यात ‘अपसेट प्राइस’ म्हणजे ‘उभी केलेली किंमत’ हा प्रयोग टिकून राहिला आणि इंग्रजी राज्याबरोबर तो आमच्या तहसिलीच्या फायलीपर्यंत आला. लोहारकामातही त्याचा एक जुना अर्थ शिल्लक आहे. लोखंडी कांबीचे टोक तापवून त्याच टोकावर घण मारीत ते जाड करणे, ह्याला अजून अपसेट करणे म्हणतात.

उलथण्यासाठी इंग्रजीत पूर्वी ‘ओव्हरसेट’ असा निराळा शब्द होता. तो हळूहळू मागे पडला आणि त्याचे काम अपसेटकडे आले. इसवी सन १८०० च्या आगेमागे गाडी उलटणे, होडी उलटणे ह्या अर्थी अपसेट दिसू लागतो आणि माणसाचे मन उलटण्याचे दाखलेही जवळजवळ त्याच सुमारास मिळतात. पोट बिघडण्याचा अर्थ थोडा नंतरचा. ज्या काळात प्रवास म्हणजे घोडागाडी आणि खड्ड्यांचा रस्ता, त्या काळातल्या माणसाला मनाची अवस्था सांगण्यासाठी उलटलेल्या गाडीहून जवळचे चित्र कोणते सापडणार? आमच्या नातीच्या तोंडी आलेला अपसेट तो हा.

परंतु प्रश्न उरतोच. जो शब्द उभारण्याचा, तो कोसळण्याचे ओझे उचलण्यास इतक्या सहज कसा तयार झाला? ह्यासाठी शब्दाच्या घराण्यात आणखी मागे जावे लागते आणि तेथे आपली गाठ आपल्याच नातलगांशी पडते.

सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे भाषण करताना संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन ह्या भाषा एका समान उगमातून निघाल्या असाव्यात, असे प्रतिपादन केले. पुढील शतकात विद्वानांनी त्याचे शास्त्र बनविले. त्या शास्त्राप्रमाणे इंग्रजी ‘सिट’ म्हणजे बसणे आणि संस्कृत ‘सद्’ हे सख्खे भाऊ आहेत. ‘सिट’चे प्रयोजक रूप ‘सेट’, म्हणजे बसविणे; संस्कृतात नेमके तेच ‘सादयति’. आसनाला ‘सीट’, खोगिराला ‘सॅडल’, स्थायिक होण्याला ‘सेटल’ हे सर्व ह्याच घरातले. पक्ष्याच्या घरट्याला इंग्रजीत ‘नेस्ट’ आणि संस्कृतात ‘नीड’. दोन्ही ‘नि’ आणि ‘सद्’ मिळून झालेले, खाली बसण्याची जागा ह्या अर्थाचे. फारसीतील ‘नशीन’ही ह्याच कुळातला, म्हणून आपले जुने संस्थानिक गादीनशीन होत. आणि ‘अप’चा भाऊ कोण? आपला ‘उप’. तेव्हा अपसेटचे दोन्ही अवयव संस्कृतात मांडले तर होतात ‘उप’ आणि ‘सद्’. उपनिषद् ह्या शब्दात हेच दोन अवयव मध्ये ‘नि’ घेऊन बसले आहेत. सोमयागात ‘उपसद्’ नावाचा विधी आहे. असुरांच्या तीन पुरांना देवांनी वेढा घातल्याची कथा तैत्तिरीय संहितेत ह्याच विधीच्या संदर्भात येते. उपसद् म्हणजे जवळ जाऊन बसणे, तसेच वेढा देऊन बसणे.

येथे एक सावधगिरी बाळगावी. ह्यावरून इंग्रजी शब्द संस्कृतातून निघाला, असे कोणी म्हणू लागेल तर ती आणखी एक घोड्याची गोष्ट होईल. अपसेट आणि उपसद् हे चुलतभाऊ आहेत, बापलेक नव्हेत. दोन्ही भाषांनी आजोबांच्या घरची तीच दोन भांडी घेतली आणि आपापल्या चुलीवर निराळे शिजविले.

आमच्या प्रश्नाचे उत्तर मात्र ह्या सद् धातूतच आहे. पाणिनीय धातुपाठात सद् धातूला दिलेले अर्थ पाहिले तर विशरण, गती आणि अवसादन असे आहेत. म्हणजे मोडून विखुरणे, जाणे आणि खाली बसत खचणे. बसणे आणि खचणे ही एकाच क्रियेची दोन टोके आहेत, हे त्या प्राचीन वैयाकरणांनी ओळखले होते. म्हणून ज्या धातूपासून संसद, परिषद आणि सदन हे भारदस्त शब्द होतात, त्याच धातूपासून अवसाद आणि विषाद होतात. गीतेच्या पहिल्या अध्यायाचे नाव अर्जुनविषादयोग. रथाच्या मध्यावर धनुष्य टाकून बसलेला अर्जुन हा सद् धातूचे मूर्तिमंत उदाहरण आहे. तो बसला आहे आणि तो खचलाही आहे.

आणि संस्कृतापर्यंत तरी कशाला जावे? आपले रोजचे मराठी पाहा. संतवाङ्मयातले ‘बैसणे’, आजचे ‘बसणे’, हे संस्कृत ‘उपविश्’वरून आले, म्हणजे त्या ‘ब’मध्येही ‘उप’ दडलेला आहेच. ह्या बसण्याचे व्यवहार किती परस्परविरुद्ध! जम बसला, बस्तान बसले, संसाराची घडी बसली, म्हणजे सारे उत्तम झाले. आणि धंदा बसला, भिंत बसली, आवाज बसला, म्हणजे सारे संपले. एकाच क्रियापदाने आपण घर उभारतो आणि त्यानेच ते पाडतो. तरी कोणाचा घोटाळा होत नाही, कारण काय बसले हे ऐकणाऱ्याला ठाऊक असते. इंग्रजाने अपसेटचे जे केले, ते आपण बसण्याचे कधीचेच केले आहे.

आता ह्या बसण्या-उठण्याचा आपल्या घरांशी असलेला संबंध. ‘सेटलमेंट’ हा शब्द आम्ही नोकरीत आयुष्यभर वापरला. जमीनमहसुलाच्या खात्यात त्याचा अर्थ बंदोबस्त. जमीन मोजणे, प्रत लावणे, धारा ठरविणे, नाव चढविणे. कॉर्नवॉलिसने १७९३ साली बंगालमध्ये कायमचा बंदोबस्त केला, तोही सेटलमेंटच. परंतु त्या सेटलमेंटमध्ये अट अशी होती की ठरल्या दिवशी सूर्यास्तापूर्वी महसूल भरला नाही तर जमीनदारी लिलावात जाई. बंदोबस्ताच्या पहिल्याच काही वर्षांत कितीतरी जुनी घराणी त्या सूर्यास्ताबरोबर मावळली. बसविण्याच्या कागदातच उठविण्याचे कलम होते.

आणि उलटपक्षी, उलथण्यातूनच बसण्याचीही उदाहरणे आहेत. त्यातले एक आमच्या घरचे. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले की मूळ पुरुष मल्हारराव सुभेदारांच्या घोड्याच्या बरोबरीने माळव्यात आला. लहानपणी आम्ही ही कथा छाती फुगवून सांगत असू. निवृत्तीनंतर घरातली जुनी पेटी उघडली आणि नोकरीतल्या सवयीने कागद तारीखवार लावले. सर्वांत जुना कागद निघाला तो कारकुनीच्या नेमणुकीचा, १८२० नंतरचा. मल्हारराव तर १७६६ साली निवर्तले. तेव्हा आमच्याही घरात एक अपसेट नावाचा घोडा होता म्हणावयाचा!

प्रथम मन खट्टू झाले, हे कबूल करतो. परंतु तो काळ डोळ्यांसमोर आणला तेव्हा कागदाने सांगितलेली गोष्ट कथेपेक्षा मोठी वाटू लागली. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरच्या लढाईत होळकरांचा पराभव झाला. ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरचा तह झाला आणि राज्याचा मोठा भाग गेला. त्याच वर्षी पुण्याची पेशवाई संपली. एका हंगामात साऱ्या मराठी राज्याची घडी विस्कटली. आणि त्याच १८१८ मध्ये होळकरांची राजधानी इंदूरला आली, दिवाण तात्या जोग यांनी उरलेल्या राज्याची व्यवस्था लावावयास घेतली, दप्तरे बसली आणि दप्तरांना लिहिणारे हात हवे झाले. आमचा पूर्वज त्या वेळी आला असावा, असा आमचा तर्क आहे. तलवार घेऊन जिंकावयास नव्हे, तर एकीकडचे आसन सुटले म्हणून बोरू घेऊन दुसरीकडे बसावयास. राज्य उलथले नसते तर इंदूर राजधानी म्हणून बसले नसते आणि ह्या सभेचे वाचकही कदाचित आज निराळ्या गावी असते. अपसेटचे दोन्ही अर्थ, जुना आणि नवा, आमच्या घराच्या पायात एकावर एक रचलेले आहेत.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी अशा कथा असतील. त्या टाकून द्याव्यात असे आम्ही म्हणत नाही. त्यांत आजी-आजोबांचा स्वर आहे. केवळ एवढेच सुचवावेसे वाटते की पेटीतले कागद वाळवीच्या आधी आपण वाचावेत. जिंकणाऱ्याबरोबर आलो, ही कथा सोयीची आहे. परंतु उठविले गेलो आणि पुन्हा बसलो, ही हकीकत पुढच्या पिढीच्या अधिक उपयोगाची आहे. आज आपली मुले-नातवंडे इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, बेळगाव सोडून दूरदूर जात आहेत, त्यांना ह्याच हकीकतीची शिदोरी लागणार.

त्या वाड्याचे पुढे काय झाले तेही सांगून टाकतो. बोली अपसेट प्राइसच्या जेमतेम वर गेली आणि लिलाव संपला. काका ओट्यावरून उठले, आम्हांला नमस्कार केला आणि आत जाऊन स्वतः किल्ल्या घेऊन आले. त्या वेळी आम्ही काय बोललो हे आठवत नाही. बहुधा काहीच बोललो नसू.

नातीला मात्र आम्ही उत्तर दिले. मराठीत शब्द आहे. वि आणि सद् मिळून ‘विषण्ण’. त्यात दुःख आहे, खचणे आहे, बैठक मोडणे आहे आणि तो अपसेटचा नातलगही आहे. त्याच सद् धातूला ‘प्र’ लावला की होते ‘प्रसन्न’. गढूळ पाण्यातला गाळ तळाशी बसला की ते निवळते. त्या निवळलेल्या पाण्याला संस्कृतात प्रसन्न म्हणतात. विषण्ण आणि प्रसन्न ह्यांत एका उपसर्गाचे अंतर. हे सारे तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “आजोबा, मी विषण्ण आहे असं म्हटलं तर मैत्रिणी डॉक्टरांना बोलावतील. मी आपली अपसेटच बरी.”

आम्ही हरलो आणि त्यात वावगे काही वाटले नाही. ‘लिलाव’ हा शब्द पोर्तुगिजांकडून आला आणि आपल्यात इतका बसला की त्याला कोणी परका म्हणत नाही. अपसेटही तसाच बसेल. बसताना त्याचे कूळ आपल्याला ठाऊक असावे, एवढ्यासाठी हा लेख.

जानेवारीत तिचा पुन्हा दूरध्वनी आला. घर मिळाले, पेटारे हलले, गॅसची जोडणी तेवढी व्हावयाची आहे. “आता सेटल झाले आजोबा,” ती म्हणाली. शब्दाबद्दल आम्ही काहीही बोललो नाही.